पोटी जन्मलेला प्रियकर

एक बाई आपल्या मेलेल्या प्रियकराचा क्लोन स्वतःच्या पोटात वाढवते, त्याला जन्म देते, आई म्हणून लहानाचा मोठा करते. तो विशीत येतो तेव्हा दारात उभा राहतो तो तोच चेहरा, ज्याच्यावर तिने जीव टाकला होता. हंगेरियन दिग्दर्शक बेनेडेक फ्लीगाउफ यांच्या २०१०च्या ‘वूम’ या चित्रपटाची ही गोष्ट. ईव्हा ग्रीनने त्यात रिबेकाचं आणि मॅट स्मिथने टॉमीचं काम केलं आहे. उत्तर समुद्राचा ओसाड, वाऱ्याने झोडपलेला किनारा, मोजके संवाद. प्रयोगशाळा, यंत्रं, पांढरे कोट यांना चित्रपटात जवळपास जागाच नाही. तरीही क्लोनिंगवरच्या डझनभर मारधाडपटांपेक्षा तो मला जास्त वैज्ञानिक वाटतो, कारण इतरांनी वगळलेला प्रश्न त्याने धरून ठेवला आहे: असा जन्मलेला माणूस आपला कोण लागतो?

लहानपणी समुद्रकाठी भेटलेले रिबेका आणि टॉमी ती जपानला गेल्यामुळे दुरावतात. बारा वर्षांनी ती परत येते आणि दोघं पुन्हा एकत्र येतात. पण सूर जुळतो न जुळतो तोच टॉमी गाडीखाली सापडून जातो. गोष्टीतल्या जगात क्लोनिंग उपलब्ध आहे. टॉमीची आई ज्युडिथ विरोध करते, तरी रिबेका ते करतेच. मुलगा वाढतो, शेजारच्या बायका क्लोन मुलांशी आपली मुलं खेळू देत नाहीत, त्यांना ‘कॉपी’ म्हणतात. रिबेका त्याला घेऊन एकांतातल्या घरात राहायला जाते. मुलाला यातलं काहीच ठाऊक नसतं.

आता नातं तपासू. क्लोनिंगमध्ये स्त्रीबीजातलं केंद्रक काढून टाकतात आणि ज्याचा क्लोन करायचा त्याच्या शरीरातल्या एखाद्या साध्या पेशीचं, उदाहरणार्थ त्वचेच्या पेशीचं, केंद्रक तिथे बसवतात. विजेचा हलका झटका किंवा रसायनं वापरून त्या बीजाला विभाजनाला लावतात. वाढ सुरू झाली तर तो भ्रूण गर्भाशयात ठेवतात. केंद्रकात प्रथिनं घडवणारी सुमारे २० हजार जनुकं असतात, आणि ती सगळी मूळ टॉमीची. टॉमीला ती मिळाली त्याच्या आईवडिलांकडून. म्हणजे जनुकांच्या हिशेबाने नवा टॉमी हा ज्युडिथचा मुलगा आणि मेलेल्या टॉमीचा उशिरा जन्मलेला जुळा भाऊ. रिबेकाचा तो कुणीच नाही.

अगदीच कुणी नाही असंही नाही. केंद्रकाबाहेर, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये ३७ जनुकं असतात आणि ती नेहमी स्त्रीबीजातूनच येतात. बीज रिबेकाचं असेल तर तेवढा धागा त्यांच्यात आहे. दुसरा धागा उलट्या दिशेचा आहे. गर्भारपणात गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि तिथेच मुक्काम करतात. डायना बियांकी यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं की मुलाला जन्म दिल्यानंतर तब्बल २७ वर्षांनीही एका बाईच्या रक्तात त्या मुलाच्या पेशी सापडल्या. म्हणजे टॉमी घर सोडून गेला तरी त्याच्या पेशी रिबेकाच्या शरीरात फिरत राहणार. प्रेयसी म्हणून तिला हे कधीच मिळालं नसतं, आई म्हणून मिळालं.

चित्रपटाच्या शेवटाकडे दोघं आई-मुलाच्या नात्याची सीमा ओलांडतात आणि रिबेकाला दिवस जातात. प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. पण जनुकं तपासणाऱ्याला त्या गर्भात काहीही वावगं सापडणार नाही. निम्मी जनुकं रिबेकाची, निम्मी टॉमीची, आणि त्या दोघांत रक्ताचं नातं नाही. मूळ टॉमी जगला असता आणि त्यांना मूल झालं असतं, तर तेही असंच असतं. जवळच्या नात्यातल्या संततीत एकाच सदोष जनुकाच्या दोन प्रती एकत्र येण्याचा जो धोका असतो, तो इथे नाही. मग आपण का शहारतो?

कारण निषिद्ध नात्याची आपली जाणीव रक्तावरून ठरत नाही, निदान फक्त रक्तावरून तर नाहीच. यासाठी लांब जायला नको. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, बऱ्याच घरांत ते पसंतही असतं. काकाच्या मुलीशी मात्र लग्नाचा विचारसुद्धा पाप, ती बहीणच. जनुकांना हा फरक माहीत नाही. मामेबहीण असो की चुलतबहीण, सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थांचा जो नकाशा मांडला, त्यात उत्तरेकडे असं लग्न वर्ज्य आणि दक्षिणेकडे ते इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही सपिंड म्हणजे जवळच्या रक्तातल्या विवाहाला बंदी घालून रूढीला वाट मोकळी ठेवली आहे.

रूढीच्या खालीही एक थर आहे. फिनलंडचे एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्ये मांडलं की जी मुलं अगदी लहानपणापासून एकत्र वाढतात त्यांना मोठेपणी एकमेकांविषयी शारीरिक ओढ वाटत नाही. त्यांना पाठिंबा मिळाला तो अनपेक्षित ठिकाणांहून. इस्राएलच्या किबुत्झ वसाहतींत वेगवेगळ्या घरांतली मुलं एकाच पाळणाघरात वाढत. ती मोठी झाल्यावर योसेफ शेफर यांनी सुमारे ३ हजार लग्नं तपासली. एकाच गटात वाढलेल्यांची लग्नं निघाली फक्त १४, आणि त्यातलं एकही जोडपं पहिली सहा वर्षं सलग एकत्र वाढलेलं नव्हतं. तैवानमध्ये पूर्वी तान्ह्या मुलीला भावी सून म्हणून घरी आणायची चाल होती. ती आणि तिचा होणारा नवरा भावंडांसारखे वाढत. आर्थर वुल्फ यांना दिसलं की अशा जोडप्यांना मुलं कमी होत आणि त्यांचे घटस्फोट जास्त होत. दोन्हीकडे रक्ताचा संबंध नव्हता. शरीराला डीएनए वाचता येत नाही, ते सहवास वाचतं: कोण रोज शेजारी झोपलं, कुणाला आईने छातीशी धरलं.

रिबेकाने ज्याला दूध पाजलं, ज्याची शी-शू काढली, तापात उशाशी बसून ज्याची रात्र काढली, त्याच्याविषयी तिच्या मनात ही आतली भिंत उभी राहायला हवी होती. ती पुरती उभी राहिली नाही, कारण त्या चेहऱ्याची आधीची आठवण तिच्याजवळ होती. मुलाकडे तशी आठवण नव्हती. दोघांतली ही विषमता मला चित्रपटातली सर्वांत भेदक गोष्ट वाटते. सगळे पत्ते एकीच्या हातात आहेत आणि दुसऱ्याला आपण खेळात आहोत हेही माहीत नाही.

त्या आठवणीने रिबेकाची एक मोठी फसगतही केली आहे. तिला वाटतं टॉमी परत आला. विज्ञान सांगतं, असं कुणी परत येत नाही. २००१च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्मलं, नाव सीसी. तिचा मूळ नमुना रेनबो ही पांढऱ्या-काळ्या-नारिंगी ठिपक्यांची मांजर. सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकाही नव्हता. मांजरात नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स गुणसूत्र बंद पडतं, आणि कुठल्या पेशीत कुठलं बंद पडावं हे वाढीच्या सुरुवातीला योगायोगाने ठरतं. क्लोनसाठी जी एक पेशी उचलली, तिच्यात नारिंगीवालं बंद होतं आणि ते बंदच राहिलं. गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी आपल्या मेलेल्या कुत्रीचे क्लोन करून घेतले आणि २०१८ मध्ये ते जाहीर केलं. पिल्लांचे स्वभाव वेगळे आहेत हे त्यांनीच सांगितलं. माणसाच्या बाबतीत तर यात शाळा, भाषा, मित्र, पडणं-झडणं, आईचा धाक एवढं सगळं मिसळतं. दुसऱ्या टॉमीला तर पहिल्या टॉमीची आईही मिळाली नाही.

चित्रपटावर माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. त्यात एक निर्णय होतो, एक गर्भारपण येतं, सिझेरियन होतं आणि गुटगुटीत बाळ हातात येतं. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी डॉली मेंढी जन्मली. इयन विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांच्या गटाने त्यासाठी २७७ स्त्रीबीजांत केंद्रकं बसवली होती. त्यातून २९ भ्रूण मिळाले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवले, कोकरू जन्मलं एक. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये म्हशीचं क्लोन रेडकू जन्मलं, ते काही दिवसांतच फुप्फुसाच्या संसर्गाने गेलं. त्याच वर्षी जून महिन्यात गरिमा नावाचं दुसरं क्लोन रेडकू जन्मलं.

माणसाच्या सगळ्यांत जवळचा पुरावा माकडांचा. २०१८ मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी चोंग चोंग आणि हुआ हुआ या दोन क्लोन माकडिणी जगासमोर आणल्या. बातम्यांत त्यांचे टपोरे डोळे दिसले, त्यामागची वही फार थोड्यांनी वाचली. या दोघी गर्भाच्या पेशींपासून घडवल्या होत्या: ७९ भ्रूण, २१ माद्या, सहा गर्भधारणा, दोन जिवंत पिल्लं. त्याच गटाने प्रौढ माकडाच्या पेशी घेऊनही प्रयत्न केला. १८१ भ्रूण ४२ माद्यांत ठेवले, २२ जणी गाभण राहिल्या, पिल्लं जन्मली दोन, आणि दोन्ही लवकरच मेली. टॉमी प्रौढ होता. या आकड्यांत माकडिणींच्या जागी बायका घालून पाहा. किती गर्भपात, किती व्यंगं, पोटात किंवा पाळण्यात मेलेले किती टॉमी.

आणि बीजं कुणाची? दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी मानवी क्लोन भ्रूणापासून मूळपेशी, म्हणजे शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, मिळवल्याचा दावा केला होता. तो खोटा ठरला आणि २००६ मध्ये त्यांचे शोधनिबंध मागे घेतले गेले. चौकशीत बाहेर आलं की त्यांनी बायकांची दोन हजारांहून जास्त स्त्रीबीजं वापरली होती, काही जणींना पैसे दिले होते, आणि देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधिका होत्या. स्त्रीबीज काढून देणं म्हणजे रक्तदान नव्हे. रोज हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि मग योनीमार्गाने सुई घालून बीजं काढतात. एवढं करून त्या प्रयोगांतून मूळपेशींची एकही खरी क्लोन मालिका, म्हणजे प्रयोगशाळेत वाढत राहणारी पेशींची वंशावळ, निघाली नाही. २०१३ मध्ये शूख्रात मितालिपोव्ह यांच्या अमेरिकेतल्या गटाने ती मिळवली, पण ते काम भ्रूणाच्या पहिल्या काही दिवसांपुरतं आणि उपचारांच्या शोधासाठी होतं.

कायदा या बाबतीत बराचसा स्पष्ट आहे. ब्रिटनने २००१ मध्ये मूल जन्माला घालण्यासाठी क्लोनिंग करणं गुन्हा ठरवलं. भारतात आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक सूचनांनी ते निषिद्ध संशोधनात टाकलं आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानवी क्लोनिंगविषयीचा मार्च २००५चा जाहीरनामा मात्र ८४ विरुद्ध ३४ मतांनी आणि ३७ देशांच्या तटस्थतेत संमत झाला, आणि तो बंधनकारकही नाही.

समजा, उद्या तंत्र निर्धोक झालं, एकही गर्भ वाया जात नाही अशी वेळ आली, तर? तेव्हा सुरक्षिततेचा मुद्दा संपेल आणि रिबेकाच्या घरातला प्रश्न शिल्लक राहील. जर्मन-अमेरिकी तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी, डॉलीच्या वीस वर्षं आधी, क्लोनविषयी लिहिताना न जाणण्याच्या हक्काची कल्पना मांडली होती. जुळी भावंडं एकाच वेळी आयुष्य सुरू करतात, कुणीच कुणाच्या पुढे नसतं. क्लोनच्या आधी मात्र कुणीतरी ते जगून गेलेलं असतं, निदान सगळ्यांना तसं वाटत असतं. त्याने चित्र काढलं की म्हणणार, तोही काढायचा. नाही काढलं तर म्हणणार, तो काढायचा. आपण कोण आहोत हे स्वतः शोधण्याची मुभा त्याला उरत नाही.

योनास यांचं म्हणणं मला पटतं, पण त्यावरून क्लोनपासून सत्य लपवावं असा अर्थ कुणी काढला तर तो पटत नाही. रिबेकाने नेमकं तेच केलं. तिने टॉमीला अज्ञानात ठेवलं आणि स्वतः मात्र रोज त्याच्यात दुसऱ्याला पाहत राहिली. ज्युडिथ अचानक घरी येते, त्याच्याकडे एकटक बघते, आणि ही बाई आपली कुणीतरी आहे हे त्याला जाणवतं. त्यानंतर तो उत्तर मागतो. तोवर वीस वर्षं उलटून गेलेली असतात. रिबेकाचं दुःख मला कळतं, पण एका माणसाला दुसऱ्याची रिकामी जागा भरण्यासाठी जन्माला घालणं आणि त्याला ते न सांगणं, यातला अन्याय तिच्या दुःखाने कमी होत नाही. त्या रात्रीच्या शरीरसंबंधाचा विटाळ मानणारे प्रेक्षक या वीस वर्षांकडे काणाडोळा करतात.

क्लोन माणूस आज कुठेही नाही. पण दुसऱ्याच्या बीजापासून जन्मलेली, दुसरीच्या पोटात वाढलेली मुलं आपल्या शहरांत आहेत. ब्रिटनने एप्रिल २००५ पासून दात्यांचं निनावीपण संपवलं. त्यानंतरच्या दानातून जन्मलेलं मूल १८ वर्षांचं झालं की दात्याची ओळख मागू शकतं, आणि २०२३ मध्ये अशी पहिली मुलं त्या वयाला पोचली. भारतात २०२१चे सहाय्यक प्रजनन आणि सरोगसीचे दोन कायदे झाले. त्यांत दवाखान्यांची नोंदणी आली, वयाच्या अटी आल्या, पैशाच्या व्यवहारावर बंदी आली. दात्याची ओळख आपल्याकडे गुप्तच राहते. घरी मुलाला सांगायचं की नाही, केव्हा, कोणत्या शब्दांत, हे आईवडिलांवर सोडलेलं आहे, आणि त्यातले बरेच जण शेजारपाजारच्या भीतीने गप्प बसतात.