किंग एडवर्ड द सिक्स्थ स्कूल, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन

इंग्लंडमधील वॉरिकशर परगण्यातील माध्यमिक शाळा. विल्यम शेक्सपिअर याच शाळेत शिकला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या काळची हजेरीपुस्तके उरलेली नाहीत, त्यामुळे लेखी पुरावा नाही. मात्र त्याचे वडील जॉन 1568 मध्ये गावचे बेलिफ, म्हणजे नगरप्रमुख होते आणि गावातली मोफत ग्रामर स्कूल हीच.

स्ट्रॅटफर्डमध्ये शिक्षक असल्याची नोंद 1295 पासून मिळते. पुढे ‘गिल्ड ऑफ द होली क्रॉस’ या धार्मिक मंडळाने शाळा सांभाळली आणि 1427 मध्ये तिच्यासाठी लाकडी चौकटीची स्वतंत्र इमारत बांधली. ही इमारत आजही उभी आहे. 1482 मध्ये थॉमस जॉलिफ या धर्मगुरूने मंडळाला जमिनी दिल्या. त्यांच्या उत्पन्नातून शिक्षकाला वेतन मिळावे आणि त्याने येणाऱ्या मुलांकडून काहीही न घेता व्याकरण शिकवावे, अशी अट घातली. ग्रामर स्कूलमधले ‘ग्रामर’ म्हणजे लॅटिनचे व्याकरण.

1547 च्या संसदेच्या कायद्याने अशी मंडळे बरखास्त झाली व त्यांची मालमत्ता राजाकडे गेली. शाळेचा आधारच गेला. 28 जून 1553 च्या सनदेने सहाव्या एडवर्डने ही मालमत्ता नव्या नगरपालिकेकडे सोपवली आणि शिक्षकाला वर्षाला 20 पौंड व राहायला घर देण्याचे बंधन तिच्यावर घातले. त्यानंतर आठच दिवसांनी, 6 जुलैला, राजा वारला. एवढे वेतन तेव्हा फार थोड्या शाळा देत, म्हणून स्ट्रॅटफर्डला ऑक्सफर्डचे पदवीधर शिक्षक मिळू शकले.

पुढे वर्ग गिल्डहॉलच्या, म्हणजे जुन्या मंडळाच्या सभागृहाच्या, वरच्या मजल्यावर भरू लागले. खाली नगरपालिकेच्या बैठका होत आणि फिरत्या नाटकमंडळ्यांचे खेळही. जॉन शेक्सपिअर बेलिफ असताना अशा मंडळ्यांना पालिकेच्या तिजोरीतून पैसे दिल्याची नोंद आहे.

त्या काळच्या ग्रामर स्कूलमध्ये मुलगा साधारण सातव्या वर्षी येई. त्याआधी त्याला वाचता येणे अपेक्षित असे. उन्हाळ्यात पहाटे सहाला, हिवाळ्यात सातला शाळा भरे आणि मधल्या सुट्ट्या सोडल्या तर संध्याकाळी पाचपर्यंत चाले. विल्यम लिलीच्या नावाने ओळखले जाणारे अधिकृत व्याकरण आधी तोंडपाठ करावे लागे. मग भाषांतर: लॅटिन उताऱ्याचे इंग्रजी करायचे, मूळ पुस्तक मिटायचे, थोड्या वेळाने त्याच इंग्रजीवरून पुन्हा लॅटिन लिहायचे आणि मुळाशी ताडून पाहायचे. शब्द बरोबर आले तरी विभक्ती किंवा क्रम चुकला की मुलाची कच्ची बाजू लगेच उघडी पडे. भाषा शिकवण्याची याहून काटेकोर रीत क्वचितच सापडेल. नुसत्या घोकंपट्टीची गत शेक्सपिअरने ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये दाखवली आहे, तिथे विल्यम नावाच्याच पोराची उजळणी घेताना धर्मगुरू ‘हिक, हेक, हॉक’ ही लॅटिन सर्वनामाची रूपे म्हणायला लावतो.

देणगीपत्रात आकडा आणि विषय ठरवून टाकले की काय होते, हे इंग्लंडच्या अशा अनेक शाळांनी पुढे भोगले. महागाई वाढली, पण ठरलेले वेतन तेवढेच राहिले. गावाला गणित व आधुनिक भाषा हव्या होत्या; परंतु लीड्स ग्रामर स्कूलच्या खटल्यात 1805 मध्ये न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी निर्णय दिला की, देणगी लॅटिन व ग्रीक या अभिजात भाषांसाठी असेल तर ती दुसऱ्या विषयांकडे वळवता येणार नाही. 1840 च्या कायद्याने थोडी मोकळीक दिली. खरी फेररचना 1869 च्या कायद्यानंतर झाली.

1944 च्या शिक्षण कायद्यानंतर सरकारी माध्यमिक शाळांतली फी गेली आणि प्रवेश अकराव्या वर्षीच्या परीक्षेवर ठरू लागला. 1965 पासून बहुतेक परगण्यांनी ग्रामर स्कूल मोडून सर्वांना खुल्या शाळा काढल्या. स्ट्रॅटफर्डची शाळा मात्र परीक्षेने प्रवेश देणारीच राहिली. 2011 मध्ये ती अकॅडमी झाली, म्हणजे तिचा निधी स्थानिक परगण्याऐवजी थेट केंद्र सरकारकडून येऊ लागला. मुलांच्या या शाळेत 2013 पासून शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गांत मुलींनाही प्रवेश मिळतो. दुरुस्तीनंतर 2016 मध्ये गिल्डहॉल आणि जुनी वर्गखोली लोकांना पाहण्यासाठी खुली झाली.