लिहून ठेवलेला जॅझ

युरोप-अमेरिकेतल्या संगीत महाविद्यालयांत पदवीच्या वेळी विद्यार्थ्याला एकट्याने मैफल सादर करावी लागते. बाख, बेथोव्हन, शोपँ अशी पंगत ठरलेली. अलीकडे या पंगतीत आणखी एक पान वाढलं जातं, ते निकोलाय कापुस्तिन या सोव्हिएत संगीतकाराचं. त्याची रचना ऐकताना जॅझच वाटतो, पियानोवर बसलेल्या पोराला आत्ता सुचतंय तसं तो वाजवतोय. प्रत्यक्षात त्यातला एकेक सूर छापील पानावरून घोटलेला असतो.

कापुस्तिनचा जन्म 1937 चा, युक्रेनमधल्या होर्लिव्का या खाणींच्या गावातला. मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, त्याला अलेक्झांडर गोल्डनवायझर गुरू मिळाले. हे गृहस्थ टॉलस्टॉयच्या घरी जाऊन बुद्धिबळ खेळलेले. म्हणजे घराणं एकदम जुनं, खानदानी. शिष्याचे कान मात्र रेडिओला. 1955 पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कोनोव्हर जॅझचा कार्यक्रम करायचा आणि सोव्हिएत संघातली तरुण मंडळी खरखरीतून तो ऐकायची. त्याआधी काहीच वर्षं, स्टालिनच्या अखेरच्या काळात, तिथे सॅक्सोफोन वाजवणंसुद्धा संशयास्पद ठरलं होतं. 1953 मध्ये स्टालिन गेला, वारं फिरलं. 1957 मध्ये मॉस्कोत जागतिक युवक महोत्सव भरला आणि त्यात कापुस्तिनने पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली आपली पहिली क्रमांकित रचना वाजवली.

1961 मध्ये पदवी घेतल्यावर मैफलींच्या पियानोवादकाची सरळ वाट सोडून तो ओलेग लुंडस्ट्रेमच्या बिग बँडमध्ये, म्हणजे जॅझ वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदात, शिरला. या बँडची कुळकथा स्वतंत्र लेखाची आहे. चीनमधल्या हार्बिन शहरात 1934 मध्ये रशियन पोरांनी तो उभा केला, मग शांघाय, 1947 मध्ये कझान आणि 1956 मध्ये मॉस्को. कापुस्तिन तिथे अकरा वर्षं राहिला.

इतकी वर्षं बँडमध्ये काढूनही तो म्हणायचा, आपण जॅझवाले नाही. जॅझचा जीव ऐनवेळी सुचलेलं वाजवण्यात, आणि त्यातच त्याला रस नव्हता. लिहून काढलं की तेच अधिक चांगलं होतं, असं त्याचं मत. आपल्याकडे कुणी ताना वहीत लिहून त्या बरहुकूम गायला लागला, तर जाणकार नाकं मुरडतील. जॅझवाल्यांनाही हे पटण्यासारखं नव्हतंच, आणि शास्त्रीयवाल्यांना त्याचे सूर करमणुकीचे वाटायचे. त्याला कुणी तुरुंगात टाकलं नाही, त्याच्यावर बंदी आणली नाही. त्यामुळे पश्चिमेत बंडखोर म्हणून गाजण्याची सोयही उरली नाही. माझ्या मते तो मागे राहिला तो या अधल्यामधल्या जागेमुळे.

नमुना म्हणून 1977 चा ‘जुन्या धाटणीचा स्वीट’ (suite; ऑपस 28, म्हणजे रचना क्रमांक 28) बघा. आराखडा बाखच्या नृत्यमालिकेचा: आलमांद, गाव्होत, साराबांद, बूरे, जीग. आत भरलाय स्विंग, म्हणजे जॅझची डुलती लय. 1984 मधल्या ‘व्हेरिएशन्स’ची (ऑपस 41) सुरुवातच स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेमधल्या बसून (bassoon) या फुंकवाद्याच्या प्रसिद्ध धूनवरून होते, फक्त ती डुलत येते. त्याच वर्षीच्या आठ ‘कॉन्सर्ट एट्यूड्स’मध्ये (मैफलीत वाजवायच्या सरावरचना, ऑपस 40) डावा हात धावत असतो आणि उजव्या हाताचे आघात ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडतात. मात्रा जरा ढिली पडली की सगळा डोलारा कोसळतो. या एट्यूड्सवर विद्यार्थी महिनोन्‌महिने बोटं झिजवतात ते उगाच नाही.

2000 मध्ये स्टीव्हन ऑसबर्न आणि 2004 मध्ये मार्क-आंद्रे हॅमलिन या पियानोवादकांनी वाजवलेल्या कापुस्तिनच्या रचनांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, तेव्हा पश्चिमेतल्या पियानोवाल्यांच्या भुवया उंचावल्या. पुढे यूट्यूबवर संगीतासोबत नोटेशनची पानं सरकत जाणारे व्हिडिओ आले आणि ते मिळवणंही सोपं झालं. जॅझवाल्यांना जे खटकलं तेच आता उपयोगी पडलं. सगळं कागदावर असल्यामुळे जॅझचा एक तासही न शिकलेली मुलगी ते बसवू शकते.

2 जुलै 2020 रोजी कापुस्तिन मॉस्कोत वारला. मागे 161 ऑपस, त्यांत 20 पियानो सोनाटा आणि 6 पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना). विद्यार्थ्यांच्या मैफलींत बहुधा त्याच चारपाच गोष्टी फिरतात. कॉन्चेर्तो तर दुर्मीळच. त्यातल्या काहींना बिग बँड लागतो, आणि बिग बँड जॅझ विभागाकडे असतो, पियानोवाला शास्त्रीय विभागात.