समाजशास्त्र नेट-सेट ऑनलाइन वर्ग : नाव घालण्याआधी एवढं वाचा

हमी देणाऱ्या क्लासच्या शोधात असाल तर आमच्याकडे ती नाही. नेट देशपातळीवरची, सेट राज्याची; या दोन्ही परीक्षांना बसलेल्यांपैकी साधारण 6 टक्केच सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरतात. हमी कोण कशाच्या जोरावर देतं ते देवी सातेरीलाच ठाऊक.

परीक्षा अशी : दोन पेपर, एकूण तीन तास; नेटला ते सलग, मध्ये सुट्टी नाही. पहिला सर्व विषयांना सामाईक, 50 प्रश्न, 100 गुण. दुसरा समाजशास्त्राचा, 100 प्रश्न, 200 गुण. चुकलं तरी गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. एम.ए.ला 55 टक्के हवेत, राखीव गटांना 50. वयाची अट फक्त जेआरएफला, म्हणजे नेटमधूनच मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीला.

सेट मराठीतून देता येते, पण नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीतच असतो. म्हणून शिकवणं मराठीत आणि संज्ञा दोन्ही भाषांत. 'प्रमाणकशून्यता' तोंडपाठ असलेली मुलं 'अ‍ॅनॉमी' दिसताच अडखळतात.

जातव्यवस्था शिकवताना सुरुवात घुर्ये सरांपासून. गोविंद सदाशिव घुर्ये आपल्या मालवणचे, जन्म 1893. मुंबई विद्यापीठात एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, अ. रा. देसाई त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांनी सांगितलेली जातीची सहा वैशिष्ट्यं पाठ करायला अर्धा तास पुरतो. परीक्षेत मात्र येतात जोड्या लावा आणि विधान-कारण. मग आम्ही विचारतो : शिमग्यात तुमच्या गावची पालखी आधी कुणाच्या अंगणात येते? मानकरी कोण, ढोल कुणाकडे, नारळ कोण फोडतो? उत्तरं देता देता श्रेणी, व्यवसायाची बंधनं, धार्मिक विशेषाधिकार आपसूक बाहेर येतात. एकदा याच प्रश्नावरून दोन वाड्यांचे विद्यार्थी पाऊण तास भांडले. तास गेला, पण तो मुद्दा पुन्हा शिकवावा लागला नाही. शेती-संबंधांना उदाहरण खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, आणि तिच्याविरुद्ध 1933 साली सुरू झालेला अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप, स्थलांतराला आपला चाकरमानी. उदाहरणावर गुण नसतात, म्हणून प्रत्येक तासानंतर 20 प्रश्न सोडवून घेतो.

वर्ग सोमवार ते शुक्रवार, रात्री 8:30 ते 10. पावसात लाइट आणि रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगसोबत नुसता आवाजही पाठवतो. त्याला डेटा कमी लागतो. गेल्या आषाढात आमच्याच घरची लाइट दोन दिवस गेली होती, ते तास रविवारी घेतले. गणपतीत आठवडाभर सुट्टी. त्या दिवसांत कुणी बसत नाही, आम्हीही नाही.

नेट संगणकावर असते, म्हणून सराव चाचण्या मोबाइलवर देऊ नका. घरी लॅपटॉप नसेल तर महिन्यातून दोनदा तालुक्याच्या सायबर कॅफेत जा, पण तीन तास एका जागी बसायची सवय करा.

फी दोन हप्त्यांत. पहिले दोन तास फुकट ऐका, शिकवणं पटलं तरच पहिला हप्ता भरा.