द्रवातील अणुबल सूक्ष्मदर्शन

द्रवात बुडालेल्या पृष्ठभागाचा चढउतार अतिसूक्ष्म टोकाने चाचपून त्याचे चित्र उभे करण्याची पद्धत. यासाठीचा अणुबल सूक्ष्मदर्शक (एएफएम) गेर्ड बिनिग, कॅल्व्हिन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी १९८६ मध्ये मांडला.

हवेत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि टोकाला खेचून धरतो. खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत हा त्रास वाढतो. टोक आणि नमुना दोन्ही द्रवात बुडवले की ही केशाकर्षणाची ओढ उरत नाही. मात्र टोक जिच्यावर बसवलेले असते त्या लवचीक पट्टीची कंपने पाणी दाबून टाकते. हवेत शेकड्यांत असलेला गुणवत्ता गुणांक (कंपन किती टिकते याचे माप) बहुधा दहाच्या आत येतो आणि अनुनाद वारंवारताही (पट्टी ज्या वारंवारतेला सर्वांत जोरात कंप पावते ती) घसरते. पायझो स्फटिकाने (विद्युतदाबाने आकार बदलणाऱ्या स्फटिकाने) पट्टी हलवली, तर सोबत द्रव आणि पात्रही थरथरते. त्यामुळे पट्टीच्या कंपनांच्या आलेखात खोटी शिखरे उगवतात. चुंबकीय लेप दिलेली किंवा लेसरच्या स्पंदनांनी तापवलेली पट्टी स्वतःच हलते, म्हणून या पद्धती सरस ठरतात. पट्टी लहान असली की मोजमापातला गोंगाटही घटतो.

सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत स्वस्त सुधारणा मिठाच्या प्रमाणात आहे. विद्युतभारामुळे टोक आणि नमुना दुरूनच एकमेकांना ढकलत असतील, तर बारकावे पुसट होतात. साध्या मिठाच्या ०.००१ मोलर द्रावणात या बलाचा पल्ला सुमारे १० नॅनोमीटर असतो, ०.१ मोलरमध्ये सुमारे १. मीठ फार वाढवले तर टोक नमुन्याला चिकटू लागते. मृदू प्रथिनांच्या बाबतीत हा समतोल काळजीपूर्वकच साधावा लागतो. बुडबुडे काढणे आणि तापमान स्थिरावू देणे हेही आवश्यकच.

ताकेशी फुकुमा व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पाण्यातील अभ्रकाची अणुपातळीवरील चित्रे मिळवली. तोशिओ आंदो यांच्या गटाने २०१० मध्ये मायोसिन-५ हे पेशीतील धाग्यांवरून चालणारे प्रथिन चालताना टिपले.

बेळगाव भागाशी या पद्धतीचा जवळचा संबंध ॲल्युमिनामुळे येतो. येथील हिंदाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात. त्या प्रक्रियेत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून गिब्साइटचे (ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे) स्फटिक वाढतात. गिब्साइटचा एक थर सुमारे ०.४८ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे एएफएमच्या सहज आवाक्यातला. अडचण द्रावणाची आहे: तीव्र कॉस्टिक सिलिकॉनचे टोक झिजवते. तिथे सिलिकॉन नायट्राइडचे टोक अधिक टिकते.