घर सोबत नेणारी पुस्तकं : हाताने बांधलेल्या वह्यांमागचा इतिहास

१६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या एका तरुणाने वैद्यकशास्त्राचा प्रबंध सादर केला. तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. विषय होता घराची ओढ. लोक या दुखण्याला आपापल्या बोलीत नाव देत होतेच, पण वैद्यकाच्या पुस्तकात त्याला जागा नव्हती. होफरने दोन ग्रीक शब्द जोडले, 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. त्यातून 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द तयार झाला. आज आपण तो जुन्या दिवसांच्या हुरहुरीसाठी वापरतो, पण जन्मला तो एका आजाराचं नाव म्हणून.

होफरने नोंदवलेल्या रुग्णांपैकी एक होता बर्नहून बाझेलला शिकायला आलेला विद्यार्थी. तो इतका खंगला होता की त्याची आशा सुटली होती. शेवटी त्याला घरी पाठवायचं ठरलं, आणि घर लांब असतानाच, वाटेतच तो सुधारू लागला. घरची आठवण येणाऱ्या माणसासाठी पुस्तक बांधणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद लक्षात ठेवावी असं मला वाटतं. त्या मुलाला बरं करायला घराच्या चार भिंती लागल्या नाहीत. घराशी धागा पुन्हा जुळतोय एवढं कळणं पुरेसं झालं. हाताने बांधलेलं एखादं पुस्तक तो धागा होऊ शकतं, आणि माणसं होफरच्या कितीतरी आधीपासून तसा प्रयत्न करत आली आहेत.

सुरुवात आकारापासून झाली. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटावरचे भिक्षू व्हायकिंगांच्या धाडींमुळे ८७५ साली आपला मठ सोडून निघाले, तेव्हा त्यांनी संत कथबर्टची शवपेटी बरोबर घेतली. ११०४ साली ती डरहॅममध्ये उघडली गेली आणि आत एक छोटं पुस्तक सापडलं. उंची १४ सेंटीमीटरच्या आत, रुंदी ९ च्या आसपास. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं हे पुस्तक अजून मूळ बांधणीत आहे, लाल चामड्याचं कव्हर आणि इजिप्तमधल्या जुन्या पद्धतीशी नातं सांगणारी शिलाई. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ते आज जपून ठेवलं आहे. त्याचा आकार तळहातात मावणारा, आणि घर सुटलेल्या माणसाला लागतो तो हाच.

पुढे मध्ययुगात युरोपात कमरेला लटकवायची पुस्तकं आली. त्यांची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. कव्हरचं चामडं पुस्तकाच्या खालच्या कडेवरून लांब वाढवायचं, त्याच्या टोकाला गाठ मारायची आणि ती गाठ कमरपट्ट्यात अडकवायची. पुस्तक उलटं लोंबकळत राहतं. वाचायचं झालं की नुसतं हाताने वर उचलायचं, सोडवायची गरजच नाही. उचललं की अक्षरं वाचणाऱ्यासमोर सुलटी येतात. भिक्षू आणि यात्रेकरू अशी पुस्तकं वापरत. त्यांतली बहुतेक प्रार्थनेची, म्हणजे रोज त्याच वेळी उघडायची. परक्या जागी रोजची एक सवय टिकून राहिली की दिवसाला बूड मिळतं, आणि हे काम पुस्तकातल्या मजकुराइतकंच ते कमरेशी कायम असण्यामुळे होत होतं.

आपल्या विषयाचा खरा पाया मात्र सोळाव्या शतकातल्या विद्यार्थ्यांनी घातला. १५४० च्या सुमारास जर्मनीतल्या विटेनबर्गला दूरदूरहून मुलं शिकायला येत. निघताना ती गुरूंकडून आणि मित्रांकडून चार ओळी लिहून घेऊ लागली. आधी छापील पुस्तकाच्या मोकळ्या जागेत, मग छापील पानांच्या मध्ये कोरे कागद घालून पुस्तक नव्याने बांधून घ्यायला सुरुवात झाली. पुढे मुद्रकांनीच त्यासाठी वेगळी पुस्तकं काढली. जर्मनमध्ये त्याला 'श्टामबूख' म्हणत, लॅटिनमध्ये 'आल्बुम अमिकोरुम', मित्रांची वही. पानावर एखादं वचन, कुलचिन्ह, कधी रंगवलेलं चित्र, आणि खाली गाव, तारीख, सही. विद्यार्थी एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाई, वही त्याच्याबरोबर भरत जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस यात आणखी एक सोय झाली. बांधलेल्या वहीऐवजी सुटी पानं पुस्तकासारख्या दिसणाऱ्या पेटीत ठेवू लागले. मित्राला पान घरी नेऊन सावकाश लिहिता येई, बाकीची वही अडकून पडत नसे.

या वह्यांमध्ये घराचं चित्र क्वचितच असतं. असतं ते दुसऱ्याचं अक्षर. वळण, शाईचा डाग, ओळ संपत आल्यावर दाटीवाटीने बसवलेला शेवटचा शब्द. आईचं किंवा मित्राचं अक्षर आपण वाचण्याआधी ओळखतो, पत्ता न बघता पत्र कुणाचं ते कळतं तसं. फोटो एका क्षणी थांबलेला असतो, अक्षरात मात्र माणसाच्या हाताची हालचाल उरते. म्हणून असं पुस्तक करायला घेतलं की मी पहिला आग्रह धरेन तो टाइप केलेल्या मजकुराला नकार देण्याचा. अक्षर वाईट असेल तरी चालेल, ते त्या माणसाचं असलं की झालं.

पुस्तकातून एखादी जागाच दाखवण्याचे प्रयत्नही झाले. अठराव्या शतकाच्या मध्याला ऑग्सबर्गच्या मार्टिन एंगेलब्रेख्टने कापलेल्या चित्रांचे संच काढले. ते एकामागे एक ओळीने लावले की रंगमंचासारखी खोली दिसते. १८४३ मध्ये लंडनला थेम्स नदीखालचा बोगदा लोकांसाठी उघडला तेव्हा आठवण म्हणून अशीच घडीची, भोकातून डोकावायची पुस्तकं विकली गेली. बोगदा-पुस्तक हे नाव त्यातूनच रूढ झालं. आजचे कारागीर हाच प्रकार उलटा वापरतात. प्रवासातली जागा घरी दाखवण्याऐवजी घरातली खोली दारातून दिसते तशी थरांमध्ये कापायची, पुढे दाराची चौकट, मागे खिडकी. जपानमधल्या यात्रेकरूंच्या शिक्क्यांच्या वह्या पंख्यासारख्या घडीच्या असतात. मंदिरोमंदिरी मिळालेले शिक्के एका लांब पट्टीवर येतात. ती पूर्ण उलगडून उभी करता येते, परक्या खोलीतल्या टेबलावर छोट्या पडद्यासारखी.

एकोणिसाव्या शतकात युद्धांनी लाखो तरुण घरापासून तोडले. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातल्या डॉक्टरांनी नॉस्टॅल्जिया हे निदान अधिकृत कागदांवर लिहिलं, पाच हजारांहून अधिक सैनिकांच्या बाबतीत. काहींच्या मृत्यूचं कारणही तेच नोंदलं गेलं. त्या सैनिकांच्या खिशात छोट्या पुस्तकासारख्या उघडणाऱ्या पेट्या असत, आत मखमल आणि एक छायाचित्र. त्याबरोबर घरच्या बायकांनी शिवून दिलेली सुईदोऱ्याची कापडी गुंडाळीही असे. मला ती गुंडाळी पुस्तकाची सख्खी बहीण वाटते. लोकरीच्या कापडाची पानं, त्यांत टोचलेल्या सुया, कडेला बटणांचा खिसा, आणि सगळं गुंडाळून बांधायला एक फीत. बटण तुटलं की ती उघडायची, म्हणजे घरच्या हाताची शिलाई पुन्हा पुन्हा हातात यायची. आठवणीच्या वस्तूला रोजचं काहीतरी काम असलं की ती ट्रंकेच्या तळाशी जात नाही.

यानंतरचं उदाहरण देताना मन कचरतं, कारण त्यातल्या माणसांना प्रवासी म्हणणं अन्यायाचं होईल. १९४४ च्या डिसेंबरमध्ये नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत, दारूगोळ्याच्या कारखान्यात वेठीला धरलेल्या बायकांनी एका मैत्रिणीच्या विसाव्या वाढदिवसाला पुस्तक केलं. हृदयाच्या आकाराचं, घड्या उलगडत जाणारं, जांभळ्या कापडाचं कव्हर आणि त्यावर तिच्या नावाचं भरतकाम केलेलं आद्याक्षर. कागद, कात्री, पेन्सिल यांतलं काहीही जवळ सापडणं जिवावर बेतणारं होतं. आत वेगवेगळ्या भाषांतल्या शुभेच्छा आहेत. ते पुस्तक तिने लपवून ठेवलं, छावणीबाहेरच्या सक्तीच्या पायपिटीतही जपलं. आज ते मॉन्ट्रियलच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आहे. ज्यांचं घर पुसून टाकलं गेलं होतं त्यांनी एकमेकींसाठी एवढीशी जागा घडीच्या कागदात उभी केली. हस्तकला म्हणजे फावल्या वेळातला छंद असं कुणी म्हणालं की मला हे हृदय आठवतं.

विसाव्या शतकात विज्ञानही या ओढीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलं. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात लहान मुलांच्या चादरीच्या तुकड्याबद्दल, मऊ खेळण्याबद्दल लिहिलं. आई समोर नसताना मूल ज्या वस्तूला धरून राहतं ती पूर्णपणे आतलीही नसते आणि बाहेरचीही नसते. ती वस्तू धुऊ नये, बदलू नये, हेही त्याने आवर्जून सांगितलं. कव्हरचं कापड निवडताना ही सूचना उपयोगी पडते. घरातल्या जुन्या ओढणीचा किंवा शर्टाचा तुकडा वापरायचा असेल तर तो कडक धुऊन, इस्त्री करून आणू नये. २००६ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी नॉस्टॅल्जियावर प्रयोगांची मालिका प्रसिद्ध केली. एकटेपणा आणि खिन्नता यांनी ती ओढ जागी होते, आणि जागी झाल्यावर माणसाला आपण कुणाचे तरी आहोत असं जास्त वाटतं, असं त्यांना दिसलं. होफरने जिला आजार म्हटलं, तिच्यात औषधही होतं.

बांधणीच्या बाजूने वळण आलं ते एका आपत्तीतून. ४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीला पूर आला, राष्ट्रीय ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली. देशोदेशीचे बांधणी-कारागीर मदतीला आले. त्यांच्यापैकी ख्रिस्टोफर क्लार्कसन यांच्या लक्षात आलं की सोळाव्या शतकातली साधी, लवचीक चर्मपत्राच्या कव्हरची पुस्तकं जड पुठ्ठ्यांच्या पुस्तकांपेक्षा चांगली टिकली होती. त्यांत खळ जवळजवळ नव्हती, शिलाईचे चामडी पट्टे नुसते कव्हरमधून ओवलेले होते. तेव्हापासून खळीशिवायच्या बांधणीकडे नव्याने पाहिलं जाऊ लागलं. प्रवासाच्या पुस्तकाला हीच बांधणी मानवते. ती दमट हवेत सुटत नाही, पिशवीत वाकते पण तुटत नाही, आणि दोरा उसवला तर प्रवासी स्वतः शिवू शकतो.

शिलाई बसल्या जागी शिकता येते. चार-पाच कागद एकत्र दुमडून एक फर्मा करायचा. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने पडली पाहिजे, आडवी पडली तर कड फाटल्यासारखी दिसते आणि पान कायम उभं राहू पाहतं. घडीत आरीने भोकं पाडायची, दोरा मेणावरून दोनदा ओढायचा. फर्म्यामागून फर्मा शिवत गेलं की शेवटी पुस्तक पूर्ण सपाट उघडतं, दोन्ही हात मोकळे राहतात.

नवखे कारागीर बहुतेकदा एकाच ठिकाणी चुकतात. सगळी पानं घराने भरून टाकतात. फोटो, पत्रं, वाळलेली पानं, अंगणाचा नकाशा. असं पुस्तक हातात आलं की प्रवाशाला फक्त मागे बघता येतं. विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्या अर्ध्या कोऱ्या असत, पुढच्या गावातल्या माणसांसाठी. म्हणून निम्मी पानं रिकामी सोडावीत, आणि तीही सगळी शेवटी न ठेवता भरलेल्या पानांच्या अधूनमधून. घरच्या अक्षराशेजारी नव्या खोलीतल्या खिडकीचं चित्र यावं, नव्या शेजारणीची सही यावी.

पुढे काहीबाही चिकटवलं जाणार हे गृहीत धरून शिलाईच्या वेळीच दोन पानांमध्ये कागदाच्या अरुंद पट्ट्या घालाव्यात, साधारण दोन सेंटीमीटर रुंदीच्या. त्यामुळे पाठीपाशी जाडी आधीच तयार राहते आणि भरलेलं पुस्तक तोंड वासत नाही. पट्ट्या घातलेलं नवं पुस्तक सुरुवातीला जरा विचित्र दिसतं, पाठ जाड आणि तोंड बारीक. तिकिटं, पत्रं, कुणाच्या तरी हाताने काढलेला रस्ता अशी भर पडत गेली की कडा हळूहळू समांतर येतात.