‘कॉमिक्सनं पोरं बिघडतात’ हे आलं कुठून?

‘कॉमिक्स वाचून पोरं वाया जातात’ हे वाक्य लहानपणी अनेकांनी ऐकलंय. अमेरिकेत त्याला शास्त्राचा मुलामा दिला मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी, १९५४ साली, ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या पुस्तकातून. त्याच वर्षी तिथल्या सिनेटसमोर सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिक्समध्ये काय छापायचं नाही याची नियमावली, लादून घेतला.

पण पुरावाच कच्चा होता. वर्थम यांची कागदपत्रं २०१० साली अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली यांनी ती तपासली, तेव्हा फेरफार उघडे पडले. शाळा बुडवणाऱ्या एका तेरा वर्षांच्या मुलीचं खापर वर्थम यांनी ‘शीना’ या कॉमिकवर फोडलं होतं. तिला वाचायला अडचण होती, ती टोळीत होती, घरातून पळाली होती. हे सगळं त्यांच्याच नोंदींत होतं, पुस्तकात मात्र नाही! मला याचा मनापासून राग येतो.

आणि कॉमिक्सवेड्या मुलांचं पुढे काय झालं? बालपणी ‘ऑल स्टार कॉमिक्स’वर जीव टाकणारे जेरी बेल्स डेट्रॉइटमध्ये प्राध्यापक झाले. रॉय थॉमस शाळेत इंग्रजी शिकवू लागले, नंतर मार्व्हलचे मुख्य संपादक झाले. या दोघांच्या पत्रव्यवहारातून १९६१ मध्ये ‘ऑल्टर इगो’ हे चाहत्यांचं घरगुती नियतकालिक निघालं, कॉमिक्सवर मनापासून लिहिणारं.

१९७३ मध्ये वर्थम यांनीच अशा चाहत्यांच्या नियतकालिकांवर पुस्तक लिहिलं. कौतुकाचं.