समलिंगी लग्नाचा कायदा आमदारांकडेच का मागायचा, त्यामागची पार्श्वभूमी

हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात मोर्चे सुरू होतात. यशवंत स्टेडियमकडून निघायचं, विधानभवनाच्या बरंच अलीकडे पोलीस बॅरिकेड लावून अडवतात, रस्त्यावरच बैठक मारायची, घोषणा द्यायच्या, मग चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जाऊन मंत्र्यांना निवेदन देऊन येतं. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, हलबा समाज, सगळे याच रस्त्यानं आलेत. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला मान्यता द्या ही मागणी पण इथंच यायला पाहिजे असं म्हटलं की लोक म्हणतात, हा तर दिल्लीचा विषय, आपल्या आमदाराचा काय संबंध? तर संबंध आहे, आणि चांगला जुना आहे.

आपल्या घटनेत लग्न आणि घटस्फोट समवर्ती सूचीत आहेत, पाचवी नोंद. म्हणजे संसद कायदा करू शकते तसं विधिमंडळही करू शकतं. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याला छेद देत असेल तर कलम 254 प्रमाणे राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते, म्हणजे शेवटी केंद्राची तयारी लागतेच, सोपं काम नाहीये हे. पण झालेलं आहे. एका पुरुषाला एकच बायको हा कायदा हिंदूंसाठी देशभर 1955 मध्ये आला, मुंबई प्रांतानं मात्र तो 1946 मध्येच करून टाकला होता. तमिळनाडूत स्वाभिमान विवाह म्हणून बिना भटजीची लग्नं लागायची, कोर्ट ती मानायला तयार नव्हतं, तेव्हा 1967 मध्ये अण्णादुराईंच्या सरकारनं हिंदू विवाह कायद्यातच राज्यापुरती दुरुस्ती केली. हार घाला, अंगठी घाला किंवा ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, बांधा, लग्न झालं. आधी लोकांनी लग्नं केली, कायदा मागाहून आला. आपल्याकडे सत्यशोधक विवाह तर 1873 पासूनचे.

आणि नागपूरकरांनी विसरू नये असं एक नाव आहे, डॉ. हरिसिंग गौर. माणूस मूळचा सागरचा, नागपूर विद्यापीठाचा कुलगुरू राहिलेला. 1872 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन वगैरे कुठल्याच धर्माचे नाही असं लिहून द्यावं लागायचं. गौर केंद्रीय कायदेमंडळात होते, त्यांनी विरोध सहन करून 1923 मध्ये ही अट हिंदू, बौद्ध, शीख, जैनांपुरती काढायला लावली, म्हणजे धर्म न सोडता जातीबाहेर लग्न करता यायला लागलं. त्याच कायद्याच्या जागी 1954 चा विशेष विवाह कायदा आला, आणि आज समलिंगी जोडपी दार वाजवतायत ते याच कायद्याचं.

मराठीत हा विषय काल-परवाचा आहे असंही नाही. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे, त्यात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दलची उत्तरं अश्लील ठरवून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला भरला. त्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. दीक्षाभूमीच्या शहरात ही गोष्ट अजून जास्त लोकांना माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चं पुढचं बहुतेकांना माहीत आहे. इंग्रजांचं कलम, 2009 ला दिल्ली हायकोर्टानं बाजूला केलं, डिसेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टानं परत आणलं, 6 सप्टेंबर 2018 ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं शेवटी गेलं. गुन्हा नाही राहिला, पण नातं मात्र कागदावर आलंच नाही. 2022 मध्ये सुप्रिया सुळेंनी लोकसभेत विशेष विवाह कायदा बदलायचं खासगी विधेयक मांडलं, ते काही पुढं गेलं नाही.

मग समलिंगी लग्नाच्या मागणीवर सुप्रीम कोर्टात 2023 ची ती मोठी सुनावणी, एप्रिल-मेमध्ये दहा दिवस. ती चालू असतानाच केंद्रानं राज्यांना पत्र पाठवून मत विचारलं. सात राज्यांनी उत्तर दिलं. राजस्थान, आंध्र आणि आसामनं विरोध केला. महाराष्ट्रानं काय सांगितलं? यूपी, मणिपूर, सिक्कीमसारखंच, की विषयावर सविस्तर चर्चा लागेल, वेळ पाहिजे. म्हणजे महाराष्ट्र नाही म्हणालेला नाही, हे नीट लक्षात घ्या. 17 ऑक्टोबर 2023 ला निकाल आला, लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्ती एकमत, सिव्हिल युनियनचा, म्हणजे लग्न नाही पण नात्याला कायदेशीर मान्यता मिळण्याचा, हक्क तीन विरुद्ध दोननं नाकारला, आणि कायदा करणं हे संसदेचं आणि विधिमंडळांचं काम म्हणून कोर्टानं हात आखडता घेतला. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. कोर्टाचा रस्ता आता जवळपास बंदच.

कागद नसल्यानं काय होतं ते धंतोलीतल्या कुठल्याही हॉस्पिटलच्या काउंटरवर कळेल. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सहीपुढं पेशंटशी नातं लिहायची जागा असते, तिथं पंधरा वर्षं एका घरात राहिलेली बाई 'मैत्रीण' लिहिते, आणि सही करायला अमरावतीहून भावाला बोलवावं लागतं, ज्यानं इतक्या वर्षांत फोन केलेला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या अर्थ खात्यानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं काढता येतं, नॉमिनी होता येतं, चांगलंच आहे, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र नसेल तर दोघींनी मिळून फेडलेला पण एकीच्याच नावावरचा फ्लॅट तिच्या माघारी भावा-पुतण्यांकडे जातो.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सिनेटनं समलिंगी लग्नाचं विधेयक डिसेंबर 2009 मध्ये 38 विरुद्ध 24 नं पाडलं होतं. जून 2011 मध्ये तिथंच 33 विरुद्ध 29 नं पास झालं. मधल्या काळात काही सिनेटर निवडणुकीत बदलले आणि काहींनी आपलं मत बदललं, चार रिपब्लिकन सुद्धा त्या बाजूनं गेले. लोकप्रतिनिधीचं मत कायमचं ठरलेलं नसतं.

म्हणून निवेदन आमदारांनाच. विदर्भातल्या कुठल्याही आमदाराला अशासकीय विधेयक मांडता येतं, त्यासाठी मंत्री असावं लागत नाही. तेवढं जमत नसेल तर निदान सभागृहात प्रश्न टाका, की 2023 मध्ये सरकारनं जो वेळ मागून घेतला होता त्यात चर्चा कुणाशी झाली, किती झाली, आणि महाराष्ट्राचं उत्तर काय ठरलं.